मेन खाली करून बघा

उमरोळीत भात पिवळं पडलं की दोन गोष्टी एकदम होतात. घराघरांतून इळे बाहेर निघतात आणि वैशालीचा फोन येतो. आज सकाळी आला.

"मावशी, लिनक्सची नवी आवृत्ती आली. बसायचं ना?"

"बसायचं म्हंजे? मी कवाची बसलेली हाय," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. मंडळाच्या हॉलचं दार उघडून, खिडक्या उघडून, कॉम्प्युटरवरचं जुन्या लुगड्याचं कापड काढून मी खुर्चीत बसले होते. खिडकीतून शेताचा वास येत होता. पिकलेल्या भाताला एक कोरडा, गोडसर वास असतो. वारा तारापूरकडून फिरला की त्यात कारखान्यांचा आंबट वास मिसळतो. परगावच्या माणसाला तो नकोसा होतो. आम्हाला त्यावरून वाऱ्याची दिशा कळते.

लिनक्स म्हणजे काय, असं मला गावातल्या बायका विचारतात. मी सांगते, कॉम्प्युटर चालवणारं सामान. फुकट मिळतं. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि त्याचा मराठीतून चालणारा एक प्रकार आहे. त्याची नवी आवृत्ती वर्षातून एकदा निघते, नेमकी कापणीच्या तोंडावर. सगळ्यांसाठी निघायच्या आधी ती आमच्यासारख्यांकडे येते. आम्ही ती जुन्या मशीनवर चालवायची, कुठे अडते ते बघायचं आणि कळवायचं. या अडण्याला बग म्हणतात. भात पाखडताना खडा दिसला तर आपण काढतो. इथे काढायचा नाही, आधी दाखवायचा. एवढाच फरक.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा पालघरला होती आणि घरी म्हशी होत्या. त्याचं रडगाणं मी कधी गायलं नाही, आताही गाणार नाही. वाचता येत होतं, लिहिता येत होतं, तेवढ्यावर संसार झाला. टाइप करायला मी साठी उलटल्यावर शिकले, एका बोटाने. अजूनही एकाच बोटाने करते. बाकीची नऊ बोटं बघत बसतात.

दरवर्षी हा वास आला की मला तो पहिला हंगाम आठवतो. त्या वर्षी मी पहिल्यांदा कापणीला गेले नाही. दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. भात काय उभ्याने कापतात? सून म्हणाली, "आई, तुमी घरी बसा. आमाला चा करून द्या." मी चहा केला. किटली घेऊन बांधापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. समोर सगळे वाकलेले, इळ्यांचा तो खर्रखर्र आवाज, पेंढ्यातून उडणारे किडे, किड्यांमागे बगळे. मी एकटी ताठ. शेतात ताठ उभा राहतो तो एकतर मालक नाहीतर बुजगावणं. मी मालकीण होते, पण वाटलं दुसरंच.

किटली घेऊन परत आले ती हॉलवर गेले. घरी जाऊन भिंतीकडे बघायचं नव्हतं म्हणून गेले, दुसरं काही कारण नाही.

हॉलमध्ये ती पाच मशीन होती. तारापूरच्या वसाहतीतल्या एका कारखान्याने ऑफिस नवं केलं आणि जुने कॉम्प्युटर आमच्या मंडळाला दिले. ऐन पावसात टेम्पोतून आले आणि हॉलच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिले. वैशालीने मंडळाला सांगितलं होतं की जुन्या मशीनवरही हे लिनक्स चालेल, मुलींना बोईसरच्या क्लासला जायची गरज नाही, इथेच शिकवीन. वैशाली सरावलीला राहते. मूळची जळगावकडची. नवरा कारखान्यात आहे आणि तीही लग्नाआधी कॉम्प्युटरवरच नोकरी करायची. घरच्या लॅपटॉपवर ती या लिनक्सची चाचणी करायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

त्या दिवशी ती डोक्याला हात लावून बसली होती. पाचातलं एकच मशीन सुरू होत होतं. मी जवळ गेले, एकाला नाक लावलं. कुबट वास. आत पाल अंडी घालून गेलेली.

"हे उन्हात घाल," मी म्हटलं.

"मावशी, कॉम्प्युटर कुणी उन्हात वाळत घालतं का?"

"पावसात राहिलं ते सगळं उन्हात घालायचं. गोधड्या घालतो, वाल घालतो. हे काय सोन्याचं हाय?"

तिने झाकणं उघडून दिली. मी आतली जळमटं रंगाच्या नव्या ब्रशने काढली आणि हॉलच्या ओट्यावर चादर टाकून मशीन मांडली. शेजारी कुणाची तरी मिरची वाळत होती. दातिवऱ्याची मासळीवाली टोपली घेऊन आली, थांबली, बघत राहिली.

"हे कसलं सुकट गं?" तिने विचारलं.

"चाखून बघतीस?" मी म्हटलं.

दुपारनंतर मशीन आत नेली. चार सुरू झाली. पाचवंही जरा घरघरलं. वैशाली माझ्याकडे अशी बघायला लागली की मला हसू आलं. त्यात करामत काही नव्हती. ओलं होतं, सुकलं. पण त्या दिवसापासून मी रोज यायचं हे ठरून गेलं.

पहिला बग मला पहिल्याच आठवड्यात सापडला. कारखान्याचे मॉनिटर जुने, चौकोनी. लिनक्स बसवताना पडद्यावर एक चौकट यायची आणि तिचा खालचा भाग पडद्याच्या बाहेर जायचा. 'पुढे' असं बटण तिथेच होतं. वैशाली म्हणाली, कळवा. चाचणी करणाऱ्यांचा एक मराठी गट आहे, तिथे लिहायचं. मी बोट फिरवत लिहिलं, 'चालत नाही.'

सांगलीहून उत्तर आलं. प्रसाद नावाचा गृहस्थ, दिवसा कॉलेजात शिकवतो, उरलेल्या वेळात हे बग सोडवतो. त्याने लिहिलं होतं, 'आज्जी, चालत नाही म्हणजे काय? तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. बाकी काही नको.'

मला हा माणूस आवडला. आयुष्यभर मी लोकांची पाल्हाळं ऐकली. कुणी नीट सांगत नाही. मी पुन्हा लिहिलं, 'पुढे जायचं बटण पडद्याखाली गेलंय. ते दिसायला पाहिजे. दिसत नाही. मग माणसाने पुढे जायचं कसं?' आठवड्याने ते दुरुस्त होऊन आलं. चौकट पडद्यात मावली, बटण दिसलं. मी ते दाबलं. घरी येऊन जेवले तेव्हा भात जास्त गेला.

प्रसादची ती तऱ्हा मी मग सगळीकडे लावली. सून म्हणाली, "मिक्सर बिघडला." मी म्हटलं, "काय केलंस, काय व्हायला पाहिजे हुतं, काय झालं?" ती म्हणाली, "आई, तुमी हॉलवरच जा बघू."

मंडळाचा अध्यक्ष हरेश्वर. माझ्या चुलतदिराचा मुलगा. वाईट नाही, पण त्याला प्रत्येक जागा रिकामी दिसते. मंडळाने लग्नाच्या जेवणासाठी मोठाले टोप, कढया, पराती अशी भांडी घेतली होती आणि ती ठेवायला त्याला हॉलचा तोच कोपरा हवा होता. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, भांडी भाड्याने जाणार. त्याने सांगून टाकलं, "तुळशीच्या लग्नाआधी मंडळाची बैठक हाय. तवा मशीन नीट चालली तर ऱ्हातील. नाय तर भंगारवाला बोलावतो. काकी, मग माज्याशी भांडायचं नाय."

बोलणं रास्त होतं. मी म्हटलं, "चालतील."

चारही मशीनवर लिनक्स बसलं आणि तिथून पुढे ती रोज सकाळी अडायला लागली.

सकाळी आलं, बटण दाबलं, की काळा पडदा. त्यावर इंग्रजी अक्षरं. वैशाली येऊन ती वाचायची, दोनचार कळा दाबायची, मग मशीन पुढे जायचं. दिवसभर ठीक. शंभरदा बंद करून चालू करा, काही नाही. दुसऱ्या सकाळी परत काळा पडदा. चारही मशीन, एकसारखी.

"काय लिवलंय त्यात?" मी विचारलं.

वैशालीने वाचून दाखवलं. "म्हणतंय, या डिस्कवर शेवटचं लिखाण भविष्यकाळात झालेलं आहे."

"भविष्यात कोण लिवून गेलं?"

"तेच तर कळत नाहीये, मावशी."

रोज वैशालीने येऊन कळा दाबायच्या, ही काही मशीन चालण्याची रीत नव्हे. ती सरावलीहून यायची ती तिचं घर आवरून. मुलींनी तोवर काय करायचं? मी बग लिहिला. प्रसादने त्याच्याकडच्या जुन्या मशीनवर करून बघितलं, होईना. गटातल्या बाकीच्यांनी बघितलं, कोणाकडेच होईना. वैशालीने लॅपटॉपवर बघितलं, तिथेही नाही. 'आज्जी, आमच्याकडे होत नाही' असं उत्तर आलं. वाईट वाटलं नाही, राग आला. दुखणं असताना डॉक्टरने रिपोर्ट चांगला आहे म्हटलं की येतो तसा.

त्यात एक सकाळ अशी आली की मशीन आपोआप नीट उठली. आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये भजन होतं आणि कुलूप हरेश्वरने लावलं होतं. मला वाटलं बरं झालं, गेला बग. पुढच्या सकाळी परत काळा पडदा. हरेश्वर दारातून ओरडला, "काय काकी, तुमचे डबे उठले काय आज?"

"तुझ्या आदी उठले," मी म्हटलं. उठले नव्हते.

बाहेर झोडणी चालू होती. लाकडी बाकावर पेंढी आपटायचा तो आवाज, धप्प, धप्प, आणि त्यामागून दाण्यांचा सडा. मालगाडी गेली की हॉलच्या खिडक्या थरथरायच्या आणि मॉनिटर हलायचा. मी त्या काळ्या पडद्यासमोर बसायचे. बायकांना वाटायचं म्हातारी झोपली. मी झोपले नव्हते. मी त्या चार डब्यांवर डोळे लावून बसले होते, कारण ते गेले तर उद्या मला परत किटली घेऊन बांधावर उभं राहायचं होतं.

बैठक तोंडावर आली तेव्हा प्रसादने सांगितलं, मला फोनवरून दाखवा. वैशालीने फोन धरला. ऊन उतरलं होतं. प्रसाद म्हणाला, "आज्जी, रोज बंद करताना जे जे करता ते सगळं करा. मी काही विचारत नाही, नुसता बघतो."

मी केलं. मशीन बंद केली. मॉनिटर पुसले. वर कापड टाकलं. खिडक्या लावल्या. भिंतीवर विजेचा फळा आहे तिथे गेले आणि मेन स्विच खाली केला. खटक्. वरचा पंखा मंद होत होत थांबला.

"आज्जी! थांबा, थांबा. आत्ता काय केलंसा?"

"मेन खाली केला."

"का?"

"का म्हंजे? जाताना करायचा असतो."

"रोज करता?"

"मग काय वर्षातून एकदा?"

त्याचा चेहरा फोनमध्ये हलेना. मला वाटलं नेट गेलं. मग तो हसायला लागला, असा हसला की मागून त्याची बायको काय झालं म्हणून बघायला आली.

आमच्या गावात शेवटचा माणूस बाहेर पडताना मेन खाली करतो. पावसात भिंती ओल धरतात, हात लागला की झटका बसतो. एका पावसाळ्यात हॉलच्या वायरिंगने पेट घेतला होता, तेव्हापासून तर कुणाला सांगावंही लागत नाही. दाराला कडी घालावी तसा मेन खाली होतो. हे चाचणीचा भाग आहे असं मला वाटलंच नाही. वैशालीलाही नाही, ती तर त्याआधीच रिक्षा पकडायला निघालेली असायची. आणि त्या भजनाच्या रात्री हरेश्वर मेन खाली करायचा विसरला होता.

प्रसादने समजावलं ते असं. प्रत्येक मशीनच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो, घड्याळ चालू ठेवायला. आमच्या मशीनचे सगळे सेल म्हातारे होऊन मेलेले. दिवसा नेट लागलं की तारीख नीट होते आणि मेन चालू असेपर्यंत घड्याळाला भिंतीतून वीज मिळते, चालतं. मेन खाली केला की घड्याळ मरतं आणि सकाळी उठतं ते कैक वर्षं मागच्या तारखेला. मग मशीन बघतं, डिस्कवर कालचं लिखाण आहे आणि त्यावरची तारीख तर अजून उजाडायची आहे. ते घाबरतं आणि अडून बसतं. मी त्याच्या जागी असते तर मीही अडून बसले असते.

"आमच्यापैकी मेन कुणी खाली करतच नाही," प्रसाद म्हणाला. "म्हणून आमच्याकडं होत नव्हतं. मी दुरुस्त करून पाठवतो."

वैशाली दुसऱ्याच दिवशी बोईसरच्या दुकानातून नवे सेल घेऊन आली. दुकानदाराने सांगितलं होतं, "भाभी, सेल बदलो और भूल जाओ." आणि प्रसादची दुरुस्ती आली ती बैठकीच्याच दिवशी. फोनचं नेट लावून ती मशीनमध्ये उतरवेपर्यंत दुपार झाली. लोक यायला लागले. सतरंज्या पसरल्या. वैशालीच्या हातात सेलची पाकिटं.

"मावशी, बसवते हे. मग काही प्रश्नच नाही. दुरुस्ती चालो नाहीतर न चालो."

"नाय."

"अहो, आज नाही उठली तर भंगारात जातील!"

"सेल घालून उठली तर सेल चांगला एवढंच कळंल. त्या सांगलीवाल्याचं काम खरं का खोटं, ते कोण सांगणार? आनखी कुठल्या शाळेत असली मेल्या सेलची मशीन असतील. तिथली बाई माज्यावानीच काळ्या पडद्यापुढं बसंल."

"आणि आपली गेली तर?"

"गेली तर गेली."

वैशालीने पाकिटं पर्समध्ये टाकली आणि चेन इतक्या जोरात ओढली की सगळ्यांनी वळून बघितलं.

हरेश्वर म्हणाला, "हां काकी, दाखवा."

मी फळ्यापाशी गेले. चारही मशीन बंद होती. मी मेन खाली केला. पंखे थांबले. "अरे, गरम होतंय!" कुणीतरी ओरडलं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापलेलं, हॉलभर माणसं. हरेश्वर म्हणाला, "काकी, मशीन दाखवायची तर बंद काय करताव?"

"थांब जरा. घड्याळ मरू दे."

त्याला काय कळणार? मी उभी राहिले. बाहेर झोडणी थांबली होती, सगळे आतच होते. मग मेन वर केला आणि पहिल्या मशीनचं बटण दाबलं. मग दुसऱ्याचं, मग पुढच्यांचं.

काळा पडदा आला. वैशालीने माझं मनगट धरलं. पडद्यावर अक्षरं धावली, एक ओळ आली ती ओळखीची होती, भविष्यकाळवाली. पण यावेळी मशीन तिथे थांबलं नाही. ओळ लिहिली आणि पुढे गेलं. निळा पडदा आला आणि त्यावर मराठीत लिहिलं होतं, 'नमस्कार'. दुसऱ्यावर नमस्कार. तिसऱ्यावर. चौथं जुनंच सगळ्यांत, त्याने वेळ घेतला, लोक उठून उभे राहिले, आणि मग त्यानेही केला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझं मनगट वैशालीच्या हातात होतं. तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, "रडतीस काय, पाचवं दाब." पाचवं उठलं नाही. त्यात आत मुंग्यांनी घर केलं होतं, त्याला लिनक्स काय करणार? ते भंगारात गेलं आणि त्याच्या जागी हरेश्वरचा सगळ्यांत मोठा टोप बसला. आजही टेबलावर मशीन आणि टेबलाखाली टोप अशी व्यवस्था आहे. लग्नसराईत टोप बाहेर काढायला माणसं येतात तेव्हा मुली पाय वर घेतात आणि टायपिंग चालू ठेवतात.

ते सेल वैशालीच्या पर्समध्ये खूप दिवस होते. मी ते बसवू दिले नाहीत, अजून नाही. चाचणीला मेलेला सेलच लागतो. नव्या आवृत्तीत कुणी काही हलवलं आणि तो बग परत आला तर तो आधी उमरोळीत दिसला पाहिजे. गटात आता कुणाला बग सापडेनासा झाला की कुणीतरी लिहितंच, 'मेन खाली करून बघा.' त्यांना वाटतं ते माझी गंमत करतात. मला ते चालतं.

म्हणून आमची मशीन रोज सकाळी जुन्या तारखेला उठतात. नेट मिळेपर्यंत कोपऱ्यातल्या घड्याळात ते जुनं साल दिसतं. त्या साली माझे गुडघे धड होते आणि मी इळा घेऊन सगळ्यांच्या पुढे कापत जायचे. बायका विचारतात, परत जावंसं वाटतं का? नाही वाटत. त्या साली सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, कंबर रोज भरून यायची आणि मला विचारून कुणी काही करत नव्हतं. मी घड्याळाकडे बघते, ते पुढे उडी मारून आजच्या तारखेला येतं आणि मी कामाला लागते.

आज सकाळीही नवी आवृत्ती चढवली. हरेश्वर टोप न्यायला आला होता, तो टोप हातात धरून तिथेच थांबला. वैशाली फोनवर होती.

"काकी, उठली काय?"

मी गटात लिहिलं, 'चालतं.' लगेच सांगलीहून आलं, 'आज्जी, चालतं म्हणजे काय?'

मग मी एका बोटाने नीट लिहिलं. काय केलं: मेन खाली केला, वर केला. काय व्हायला हवं होतं: चारही उठायला हवी होती. काय झालं: उठली.